ग्राफिक डिझाइनमधली आपली वाट स्वभावाशी जुळवून कशी निवडावी

'ग्राफिक डिझायनर' अशी पाटी लावलेल्या दोन माणसांचा दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर दोघांचा व्यवसाय एकच आहे यावर विश्वास बसणे कठीण जाते. एकजण सकाळपासून चारशे पानी पुस्तकाच्या मांडणीत, पानाच्या माथ्यावर एकटी पडलेली ओळ मागच्या पानावर कशी ओढता येईल याच्या खटपटीत असतो आणि दुपारपर्यंत त्याचे कोणाशी चार वाक्येही बोलणे झालेले नसते. दुसरी त्याच वेळात तीन बैठका उरकते, सणाच्या जाहिरातीचे पाच पर्याय क्लायंटपुढे मांडते, त्यातले चार नापसंत झाल्याचे ऐकून घेते आणि संध्याकाळी सहाच्या आत पाचव्याचे बारा वेगवेगळे आकार करून पाठवते. या दोघांच्या जागा बदलल्या, तर आठवडाभरात दोघेही राजीनामा लिहायला बसतील. तरीही डिझाइनकडे वळताना आपल्याकडे बहुतेक निर्णय 'मला चित्रकला आवडते' एवढ्याच आधारावर घेतले जातात.

या व्यवसायात वीसेक वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की वाट निवडताना आवडीवर फार भिस्त ठेवू नये. आवड सगळ्यांची थोडीफार सारखीच असते. ठसठशीत अक्षरे आणि नेटके पोस्टर कोणाला आवडत नाही? माणसे एकमेकांपासून वेगळी पडतात ती कंटाळ्याच्या बाबतीत. प्रत्येक वाटेवर रोजचे, किचकट, पुन्हा पुन्हा करावे लागणारे असे काहीतरी काम असतेच, आणि ते ज्याला फारसे टोचत नाही तोच तिथे टिकतो. आपल्याला कोणता कंटाळा चालतो, हे शोधण्याची ही पद्धत आहे.

पहिली पायरी : स्वतःविषयीचा पुरावा गोळा करा

महाराष्ट्रातल्या शाळांत शिकलेल्यांपैकी अनेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या असतात. त्या परीक्षांतली श्रेणी विसरून जा, पण कोणता पेपर देताना घड्याळाकडे लक्ष गेले नव्हते ते आठवून पाहा. स्मरणचित्रात माणसांची लगबग रंगवताना रमणारा मुलगा आणि भूमिती व अक्षरलेखनाच्या पेपरात पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक करून अक्षरांची उंची मोजत बसणारी मुलगी, यांचे स्वभाव तेव्हाच वेगळे दिसत असतात. संकल्पचित्रात एकच आकार उलटसुलट फिरवून चौकट भरण्यात ज्यांना मजा वाटली, तो तिसरा प्रकार.

त्यानंतर दोन आठवडे एक वही ठेवा. सध्या जे काही डिझाइनचे काम करत असाल, मग ते कॉलेजची असाइनमेंट असो, मंडळाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक असो की चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका, त्यात रोज तीन गोष्टी लिहायच्या: कोणते काम करताना वेळ कसा गेला ते कळले नाही, कोणत्या कामाच्या मध्ये चहाला उठावेसे वाटले, आणि कोणते काम उद्यावर ढकलले. 'आज छान वाटले' असल्या नोंदी निरुपयोगी असतात. 'पत्रिकेचा मजकूर तिसऱ्यांदा तपासला, त्रास झाला नाही. पण वधूपित्याला फोन करून फरक समजावून सांगायचे सकाळपासून टाळतो आहे' अशी नोंद हवी.

व्यक्तिमत्त्वाच्या ऑनलाइन चाचण्यांना मी निर्णयाचा आधार मानत नाही. चार इंग्रजी अक्षरांत माणूस बसवणारी लोकप्रिय चाचणी तर गप्पांपुरती ठीक. त्यातल्या त्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची व्यवसायरुचीची सहा गटांची मांडणी उपयोगी पडते: वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील आणि शिस्तप्रिय. मात्र डिझाइनकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला गट 'कलात्मक' निघतो आणि तो वाचून माणूस खूश होऊन थांबतो. पाहायचा असतो दुसरा गट. कलात्मकतेच्या जोडीला शिस्तप्रियता असेल, तर पुस्तके आणि पॅकेजिंग. उद्यमशीलता असेल, तर जाहिरात किंवा स्वतःचा स्टुडिओ. शोधक वृत्ती असेल, तर टाइप डिझाइन (फॉन्टची अक्षरे घडवणे) किंवा यूआय (मोबाइल-संगणकाच्या पडद्यांची रचना). हा नियम नाही, अनुभवातून आलेला ठोकताळा आहे.

दुसरी पायरी : वहीला चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न माणसांचा. दिवसातून किती वेळा कामात व्यत्यय आलेला चालतो? लाजाळू माणसाला माणसे नकोच असतात असे समजू नये. अनेक अबोल डिझायनर क्लायंटसमोर उत्तम ऐकणारे असतात आणि अनेक बडबड्यांना समोरच्याची गरज शेवटपर्यंत कळत नाही. प्रश्न बोलण्याचा नसून, बोलण्यानंतर पुन्हा कामात शिरायला किती वेळ लागतो याचा आहे. दुसरा प्रश्न मुदतीचा: सकाळी घेतलेले काम संध्याकाळी संपलेले आवडते, की आठ महिने एकाच गोष्टीला चिकटून राहण्यात समाधान मिळते? तिसरा प्रश्न नियमांचा, कारण काही वाटांवर कायदा आणि यंत्र मिळून अर्धे डिझाइन ठरवतात, आणि ज्याला नियम म्हणजे बेडी वाटते त्याने तिकडे फिरकू नये.

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. कामावर आपली सही दिसावी असे वाटते का? बोधचित्रे काढणाऱ्याला स्वतःची शैली असावीच लागते. तीच त्याची ओळख आणि तेच त्याचे भांडवल. उलट, फॉर्मची रचना करणाऱ्या यूआय डिझायनरचे काम चांगले झाले, तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. 'माझे काम कोणाला दिसलेच नाही' याचे दुःख वाटणाऱ्याने दुसऱ्या प्रकारात शिरून आयुष्यभर कुढत बसू नये. प्रसिद्धीची हौस असणे हा काही दुर्गुण नाही. ती लपवून ठेवून चुकीची निवड करणे मात्र महागात पडते.

तिसरी पायरी : वाटांवरचे रोजचे काम समजून घ्या

पॅकेजिंगपासून सुरुवात करतो, कारण या क्षेत्राविषयी विद्यार्थ्यांच्या कल्पना सर्वांत गुलाबी असतात. चिवड्याच्या 200 ग्रॅमच्या पाकिटाचे उदाहरण घ्या. समोरच्या बाजूवरचे चित्र आणि नाव हा कामाचा लहान भाग. उरलेल्या कामात निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा तपशील, घटकपदार्थ, पोषणमूल्यांचा तक्ता, एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाचे हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ हे सगळे बसवायचे असते. वजनमापाच्या 2011 च्या नियमांनुसार आकड्यांची उंचीसुद्धा मनाला येईल तेवढी ठेवता येत नाही. बारकोड लाल रंगात छापला, तर दुकानातल्या लेसर स्कॅनरचा प्रकाशच लाल असल्यामुळे त्याला पांढऱ्यावरच्या लाल रेषा दिसत नाहीत. अशी पाकिटे मोठ्या संख्येने छापायची असतील, तर बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धत वापरतात. तीत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, त्यामुळे एका चुकलेल्या अंकाची किंमत नव्या सिलिंडरइतकी होते.

या वाटेवरच्या माणसाचा स्वभाव छापखान्यात उघडा पडतो. एका हळदीच्या खोक्याची छपाई पाहायला मी दोन शिकाऊ मुलांना रात्री बरोबर नेले होते. मशीनमनने पहिला कागद काढून ट्यूबलाइटखाली धरला तेव्हा हळद हिरवट दिसत होती. त्याने निळी शाई थोडी आवळली, वीसेक कागद सोडले, पुन्हा एक काढला. आता हिरवट झाक गेली, पण पिवळा रंग फिका पडला. असे सात वेळा झाले. तिसऱ्या कागदानंतर एक मुलगा बाहेर जाऊन मोबाइल पाहू लागला. दुसरा भिंग घेऊन कागदावर वाकला होता आणि ठिपके एकमेकांवर नीट बसले आहेत का ते पाहत होता. त्याने मशीनमनला न विचारता आधीचे सहाही कागद क्रमाने लावून ठेवले होते. पहिल्या मुलाच्या कल्पना जास्त चांगल्या होत्या, आणि पुढे जाहिरातीत त्याचे उत्तम बस्तान बसले. पॅकेजिंगमध्ये राहिला तो दुसरा.

पुस्तके, नियतकालिके आणि एकूणच मजकुराच्या मांडणीची वाट हीच चिकाटी मागते, फक्त इथे भाषेचे प्रेम अधिक हवे. माझी स्वतःची परीक्षा याच वाटेवर झाली. उमेदवारीच्या काळात एका संस्थेच्या स्मरणिकेचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतरित करताना प्रत्येक 'ऱ्य'चा 'र्य' झाला, म्हणजे 'करणाऱ्या'चे 'करणार्या' आणि 'दऱ्या'चे 'दर्या'. दोन हजार प्रती छापून झाल्यावर ते लक्षात आले. बोलणी खाल्ली, पैसे कापले गेले. पण नंतर सगळी पाने ओळीनओळ पुन्हा तपासताना आपल्याला त्याचा कंटाळा येत नाही, हा शोध मला तेव्हाच लागला.

टाइप डिझाइन ही या चिकाटीची पुढची हद्द. देवनागरीचा फॉन्ट म्हणजे स्वर आणि व्यंजने काढली की झाले असे नसते. जोडाक्षरे, अर्धी रूपे, काना-मात्रांच्या वेगवेगळ्या रुंदी धरून आकारांची संख्या शेकड्यांत जाते. शिवाय मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे, त्यामुळे ते स्वतंत्र काढावे लागतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात. ते उतरवून घेऊन मोठे करून पाहिले, तर एका शिरोरेषेच्या जाडीमागे किती निर्णय असतात याचा अंदाज येतो. या वाटेवर नोकऱ्या मोजक्या आहेत हे आधीच सांगितलेले बरे. सुलेखनाची आवड मात्र टाइप डिझाइनशी एकरूप समजू नये. अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकाराच्या कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात जो क्षण पकडलेला असतो, तो टाइप डिझायनरला शेकडो आकारांत सारखा वाटून द्यावा लागतो. हातात वेग असलेल्या माणसाचा जीव तिथे गुदमरतो.

ब्रँडची ओळख घडवण्याच्या कामात आकार थोडे आणि चर्चा फार. स्टेट बँकेचे निळे वर्तुळ आणि त्यातली किल्लीच्या छिद्रासारखी फट हे बोधचिन्ह अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी 1971 मध्ये केले आणि ते आजही ओळखू येते. इतका साधा आकार दहा जणांच्या समितीसमोर टिकवून धरायला चित्रकलेपेक्षा युक्तिवादाची शक्ती जास्त लागते. ज्यांना आपल्या कामाचे कारण शब्दांत सांगता येत नाही, त्यांनी ती कला शिकावी किंवा ही वाट सोडावी.

जाहिरात आणि सोशल मीडियाचे काम वेगाचे. क्रिकेटचा सामना रात्री संपतो आणि सकाळी पोस्ट तयार हवी असते. नकार पचवण्याची ताकद आणि चटकन विसरण्याची सवय असलेल्यांना इथे खरोखर मजा येते. चित्रे तयार करून देणाऱ्या एआय साधनांचा धक्काही याच ठिकाणी आधी जाणवतो आहे, कारण एकाच कल्पनेचे बारा आकार करण्याचे काम यंत्र आनंदाने करते. त्यामुळे केवळ हाताच्या वेगावर या वाटेवर येऊ नये. पन्नास पर्यायांतून एक निवडण्याची नजर असेल तर यावे.

यूआय म्हणजे अॅप आणि संकेतस्थळांची रचना. इथे स्वतःची आवड बाजूला ठेवून दुसरा माणूस कुठे अडखळतो ते शांतपणे पाहत बसावे लागते, तेसुद्धा त्याला मदत न करता. सुगमतेच्या, म्हणजे अधू नजरेच्या माणसालाही वापरता यावे यासाठीच्या, प्रचलित निकषांनुसार साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यातले विरोधाचे प्रमाण किमान 4.5 ला 1 असावे लागते. फिकट करड्यावर पांढरी अक्षरे कितीही देखणी दिसली तरी ती बाद. अहंकार कमी आणि कुतूहल जास्त असलेल्यांची ही वाट आहे. पगारही इथे इतर वाटांच्या तुलनेत बरा असतो, आणि म्हणूनच स्वभाव न पाहता इकडे येणाऱ्यांची गर्दी फार आहे. मोशन ग्राफिक्स, म्हणजे हलती अक्षरे आणि चित्रे, यांविषयी एवढेच: सेकंदाला 25 चौकटी धरल्या तर 30 सेकंदांच्या चित्रफितीत 750 चौकटी होतात. गाण्याचा ठेका कानाला अचूक कळत असेल, तर हे काम करून जरूर पाहावे.

चौथी पायरी : प्रत्येकी एक शनिवार-रविवार खर्च करा

वरच्या वर्णनावरून दोन किंवा तीन वाटा मनात ठरल्या, की त्यांचे छोटे प्रयोग करायचे. नमुना सुंदर होणे हा हेतू नाही. त्या वाटेवरचा कंटाळा चाखायचा आहे, म्हणून प्रयोगात मुद्दाम किचकट भाग घ्यावा.

पुस्तकासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेऊन 16 पानांचा एक फर्मा (एकत्र छापून दुमडायच्या पानांचा गठ्ठा) लावा, त्याची कागद दुमडून डमी करा आणि मजकूर तीनदा तपासा. पॅकेजिंगसाठी किराणा दुकानातून एक पाकीट आणून ते उसवा, त्याची सपाट आकृती मोजून काढा आणि त्यावरचा सगळा कायदेशीर मजकूर वाचता येईल अशा रीतीने पुन्हा बसवा. चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारी जादा छपाई, ठेवायला विसरू नका. टाइपसाठी 'क', 'र', 'व', 'न', 'म', 'ग', 'ळ' आणि 'श' ही आठ अक्षरे एकाच जाडीत आणि एकाच घराण्यातली वाटतील अशी आलेखाच्या कागदावर काढा. 'ळ'च्या दोन पोटांचे वजन जमेपर्यंत दुसरा दिवस मावळतो. यूआयसाठी एसटीच्या तिकिटाचे आरक्षण कागदाच्या पाच-सहा चिठ्ठ्यांवर पडद्यांसारखे काढून घरातल्या पाच जणांपुढे ठेवा, 'कोल्हापूरचे तिकीट काढा' एवढेच सांगा आणि आजी बोट कुठे ठेवते ते गप्प बसून टिपा. जाहिरातीसाठी मित्राला सांगा, की त्याने सकाळी विषय द्यावा, दुपारी तो बदलावा आणि पहिले तीन पर्याय कारण न सांगता नाकारावेत.

रविवारी रात्री वहीत एकच प्रश्न लिहायचा: हेच काम उद्या सकाळी पुन्हा करायला सांगितले, तर?

पाचवी पायरी : त्या वाटेवरच्या माणसाला भेटा, आणि कामाचा साचाही निवडा

भेटीत 'मला या क्षेत्रात संधी आहे का' असे विचारले, की समोरचा सौजन्याने 'हो' म्हणतो आणि भेट वाया जाते. 'कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगा' असे विचारावे. कोणत्या कामाचा सर्वांत जास्त वैताग येतो, शेवटचे काम किती वेळा बदलले, आणि पैसे वेळेवर मिळतात का, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नावर जो हसतो तो बहुधा स्वतंत्र व्यावसायिक असतो.

वाटेइतकेच महत्त्व साच्याला आहे: नोकरी, छोटा स्टुडिओ की फ्रीलान्स. फ्रीलान्सचे आकर्षण मोकळ्या वेळेमुळे वाटते, पण त्या वेळातला मोठा हिस्सा कोटेशन, पाठपुरावा आणि हिशेब खातो. कामाआधी अर्धी रक्कम मागताना ज्याची जीभ अडखळते, त्याने निदान सुरुवातीला नोकरी करावी. फ्रीलान्सच करायचे ठरवले, तर कोटेशनमध्ये बदलांच्या फेऱ्यांची संख्या लिहावी आणि हक्कांचे कलम वाचूनच सही करावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो; हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरता मर्यादित समजला जातो. महाराष्ट्रात केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते. हा परिच्छेद वाचतानाच जांभई आली असेल, तर तीही वहीत लिहून ठेवा.

सहावी पायरी : शिक्षण आणि पोर्टफोलिओ वाटेप्रमाणे ठरवा

हे शेवटी ठेवले आहे, कारण उलट क्रमाने निर्णय घेतले जातात आणि फी भरून झाल्यावर वाट शोधली जाते. उपयोजित कलेची पदवी घ्यायची असेल, तर मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेसारखे जुने पर्याय आहेत. आयआयटीमधल्या डिझाइन पदवीसाठी यूसीड, पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सीड, तर एनआयडीची स्वतःची वेगळी परीक्षा असते. टाइप, यूआय आणि संशोधनाकडे झुकणाऱ्या कामांत पदव्युत्तर शिक्षणाचा, विशेषतः आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या ठिकाणचा, खरा फायदा होतो. छपाई, पॅकेजिंग आणि मांडणीसाठी मात्र एखाद्या चांगल्या छापखान्यातले वर्ष मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचे वाटते.

पोर्टफोलिओत तीसऐवजी आठ कामे ठेवा आणि ती निवडलेल्या वाटेची भाषा बोलणारी असू द्या. यूआयच्या मुलाखतीला गणपतीची दहा पोस्टर नेली, तर समोरचा ती कौतुकाने पाहतो आणि दुसऱ्या कोणाला तरी घेतो. पॅकेजिंगसाठी खोक्याचे गुळगुळीत चित्र नेण्यापेक्षा हाताने कापून दुमडलेले खोकेच न्यावे. समोरचा माणूस आधी ते उघडून आतली चिकटपट्टी पाहतो.

निवड कायमची नसते. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी दीर्घकाळ जाहिरात क्षेत्रात काम केले, मग आयडीसीत शिकवले, आणि विंडोजमधला ज्याच्यावर आपण सगळ्यांनी कधी ना कधी मराठी टंकलेखन केले तो मंगल फॉन्ट त्यांच्या हातचा आहे. तिन्ही टप्प्यांत धागा अक्षराचाच होता. म्हणून ती दोन आठवड्यांची वही टाकून देऊ नये. निवडलेल्या वाटेवर दोन वर्षे झाली, की पुन्हा दोन आठवडे तशाच नोंदी कराव्यात आणि जुनी पाने शेजारी उघडून 'उद्यावर ढकलले' या सदराखाली तेव्हा काय होते आणि आता काय आहे ते ताडून पाहावे.